क्विंटिन्सहिलची नोंदवही



मुलगा पलटणीबरोबर लढाईवर निघाला म्हणजे घरच्या माणसांची काळजी थेट रणभूमीकडे धांव घेते. मधल्या आगगाडीच्या प्रवासाकडे तिचें लक्षहि जात नाहीं. १९१५ सालीं मराठा पलटणींतले कित्येक तरुण मेसोपोटेमियांत लढत होते. त्यांना निरोप देतांना मुंबई बंदरापर्यंतच्या रुळांची धास्ती कोणा आईनें घेतली असेल असें वाटत नाहीं. स्कॉटलंडमधील लीथ या बंदरगांवच्या आयांचीहि समजूत अशीच होती. त्यांचे मुलगे रॉयल स्कॉट्स पलटणीच्या सातव्या बटालियनमध्यें होते. ते लिव्हरपूलला बोटींत चढून गॅलिपोलीच्या आघाडीवर जावयाचे होते. त्यांतले दोनशेंवर मुलगे लिव्हरपूलपर्यंतहि पोंचले नाहींत.

ही गोष्ट २२ मे १९१५ ची, शनिवारची. कार्लाइल आणि ग्लासगो या शहरांच्या दरम्यान, ग्रेटना गांवाजवळ, क्विंटिन्सहिल म्हणून एक जागा आहे. नागपूरच्या शेजारचें हुडकेश्वर निदान गांव म्हणून ओळखलें गेलें. क्विंटिन्सहिलला ना गांव होतें, ना स्टेशन. जाणारा एक आणि येणारा एक असे मुख्य मार्गाचे दोन रूळ, त्यांच्या दोन्ही अंगांस एकेक लूप, आणि सिग्नल हलविणाऱ्या दांड्यांची एक केबिन. एवढाच तेथला संसार. रात्रपाळीस मीकिन आणि दिवसपाळीस टिन्स्ली अशी केबिनवाल्यांची जोडी होती.

पाळी सकाळीं सहाला बदलावयाची. परंतु या दोघांनीं आपसांत एक सोय करून ठेवली होती. लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस गाड्यांस उशीर झाला कीं कार्लाइलहून ६-१० ला सुटणारी स्थानिक पॅसेंजर त्यांच्या पुढें सोडीत आणि क्विंटिन्सहिलला बाजूस घेत. अशा दिवशीं टिन्स्ली त्या गाडीनें आरामांत अर्धा तास उशिरा येई. तोंवरच्या नोंदी मीकिन एका सुट्या कागदावर लिहून ठेवी आणि टिन्स्ली आल्यावर त्या स्वतःच्या अक्षरांत नोंदवहींत उतरून घेई. वही पाहणाऱ्या साहेबास वाटावें, गृहस्थ ठीक सहाला हजर! कचेरींत मित्राच्या नांवापुढें हजेरी मांडणारे लोक आपल्याकडेहि कमी नाहींत, आणि त्यांना कोणी दुष्ट म्हणत नाहीं. मीकिन आणि टिन्स्लीहि दुष्ट नव्हते.

त्या सकाळीं दोन्ही लूप मालगाड्यांनीं अडले होते. म्हणून पॅसेंजर समोरच्या, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या, मुख्य रुळावर नेऊन उभी केली. टिन्स्ली तिच्याच इंजिनावरून उतरला आणि जिना चढून केबिनींत आला. अशा वेळीं रूळ अडल्याची सूचना मागच्या कर्कपॅट्रिक केबिनीस घंटेनें द्यावयाची असते. ती गेली नाहीं. सिग्नलच्या दांड्यावर लोखंडी कडें अडकवावयाचें, म्हणजे विसरून कोणी दांडा ओढूं लागला तरी हात थबकतो. तें कडेंहि अडकविलें गेलें नाहीं. आपली गाडी उभी आहे याची आठवण देण्यास पॅसेंजरचा फायरमन नियमाप्रमाणें वर आला, परंतु वहींत सही करून, कडें आहे कीं नाहीं हें न पाहतांच परतला. इकडे टिन्स्ली मान खालीं घालून कागदावरच्या नोंदी वहींत उतरीत होता. मीकिन वर्तमानपत्र वाचीत बसला होता, मालगाड्यांचे गार्ड आले होते, आणि लढाईच्या बातम्यांवर गप्पा चालल्या होत्या. पहिली एक्स्प्रेस सुखरूप निघून गेली.

६-४२ ला कर्कपॅट्रिकनें लष्करी गाडी देऊं केली आणि टिन्स्लीनें ती घेतली. नंतर सिग्नल मोकळे केले. ज्या गाडीनें तो स्वतः आला ती खिडकीसमोर उभी होती, आणि तो तिला साफ विसरला होता.

६-४९ ला भरधांव लष्करी गाडी पॅसेंजरवर आदळली. २१३ यार्ड लांबीची गाडी ६७ यार्डांत दबली. जे जगले ते डब्यांतून बाहेर पडतात न पडतात तोंच, सुमारें एका मिनिटानें, दोन इंजिनें जोडलेली ग्लासगोची दुसरी एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यांत शिरली. नंतर आग लागली. लढाईच्या दिवसांत डब्यांची ओढ होती, म्हणून सैनिकांना जुने लांकडी डबे मिळाले होते. त्यांत गॅसचे दिवे, आणि डब्यांखालीं दाबून भरलेल्या गॅसच्या टाक्या. निखारे व गॅस यांची गांठ पडल्यावर काय होणार! दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत ती आग धुमसत होती.

त्याच दिवशीं हजेरी घेतली तेव्हां सुमारें पांचशेंपैकीं साठाच्या आसपास सैनिकच धडधाकट उभे होते. मृतांचा आकडा २२६ च्या घरांत धरतात. नक्की सांगतां येत नाहीं, कारण पलटणीचा नामपटच आगींत जळाला. बऱ्याच प्रेतांची ओळखहि पटली नाहीं. लीथजवळच्या रोझबँक स्मशानभूमींत एका मोठ्या खड्ड्यांत त्यांना एकत्र पुरलें. ब्रिटनच्या रेल्वेवर इतकी प्राणहानि दुसऱ्या कोणत्याहि अपघातांत झालेली नाहीं.

सप्टेंबरमध्यें एडिंबरोच्या न्यायालयांत टिन्स्लीला तीन वर्षांची सक्तमजुरी व मीकिनला दीड वर्षाचा कारावास झाला, फायरमन सुटला. दोघांचा अपराध उघड होता, त्यांनीं तो फारसा नाकारलाहि नाहीं. पण त्यांच्या विस्मरणानें टक्कर झाली. ती आग कोणाच्या माथीं मारावयाची? टक्करींतून वांचूं शकलीं असतीं अशीं कित्येक माणसें लांकूड आणि गॅस यांनीं नेलीं. रुळांतून विजेचा मंद प्रवाह खेळवून, वर गाडी उभी असेल तर सिग्नलचा दांडा हलूंच न देणारी योजना त्या काळींहि निघाली होती. क्विंटिन्सहिलला ती बसविलेली नव्हती, कारण केबिनींतून सारे रूळ स्वच्छ दिसत! या गोष्टींसाठीं आरोपीच्या पिंजऱ्यांत कोणीहि उभें राहिलें नाहीं.

दोन वर्षांनीं, १२ डिसेंबर १९१७ रोजीं, फ्रान्सच्या डोंगरांत सॅं-मिशेल-द-मोरिएन येथें रजेवर घरीं निघालेल्या सैनिकांची गाडी उतारावर अनावर होऊन रूळ सोडून गेली आणि जळाली. तेथें चारशेंहून अधिक मेले. गाडीला पुरेसे ब्रेक नाहींत हें तेथल्या ड्रायव्हरला ठाऊक होतें, त्यानें तसें सांगितलेंहि होतें. पण लष्करी हुकुमापुढें त्याचें चाललें नाहीं. क्विंटिन्सहिलला निदान हुकुमाची सबब नव्हती.

रेल्वे कामगारांच्या संघानें शिक्षा कमी व्हावी म्हणून खटपट केली, आणि १९१६ च्या डिसेंबरांत दोघेहि तुरुंगांतून सुटले. कंपनीनें त्यांना पुन्हा कामावर घेतलें. टिन्स्लीला दिव्यांचें काम दिलें. सिग्नलचा दांडा त्याच्या हातीं पुन्हा आला नाहीं.