कोकी, देवकी आणि आपली सोसायटी

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या जुलै २०१७ च्या मासिक सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहून दिले आहे.)



मागच्या सभेत ‘पुढच्या महिन्यात कोण बोलणार?’ असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विषय मात्र माझा मी निवडला. १८ मे ला रीमा लागू गेली. अठ्ठावन्न वर्षांची. आदल्या दिवशीही ‘नामकरण’ मालिकेचं शूटिंग करून घरी गेलेली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच शब्द होता, पडद्यावरची ‘आई’. सलमानची आई, माधुरीची आई, संजय दत्तची आई. मला ते वाचून राग आला. का आला, ते सांगते.

माझा जन्म १९५८ चा, तिचाही. ती बँकेत नोकरीला, मीही. ती युनियन बँकेत, माझी बँक दुसरी. तिची आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरची नटी, रीमाचं मूळ नाव नयन. शाळा पुण्याची हुजूरपागा. विवेक लागूंशी लग्न झालं आणि ती रीमा लागू झाली. (डॉ. श्रीराम लागूंची ती सून नव्हे. हा वाद आपल्या लिफ्टमध्ये दोनदा झालेला आहे, म्हणून सांगून टाकते.) जवळजवळ दहा वर्षं तिने बँक आणि नाटक दोन्ही सांभाळलं. बँकांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत ती असायची. आंतरबँक एकांकिका आम्हीही करायचो. आमच्यात आणि तिच्यात फरक एवढाच, की आम्ही प्रयोग संपला की बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन लोकल पकडायचो.

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते ‘पुरुष’ नाटकात. जयवंत दळवींचं नाटक. समोर गुलाबरावाच्या भूमिकेत नाना पाटेकर, ही अंबिका. त्या नाटकात शेवटी अंबिका जे करते, त्यानंतर थिएटरमधून बाहेर पडताना आमचे हे स्टेशनपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आणि ‘सविता दामोदर परांजपे’ ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी काही सांगायला नको. ही बाई ‘आई’ म्हणून जन्माला आलेली नव्हती.

मग १९८८ ला ‘कयामत से कयामत तक’ आला. त्यात ती जुही चावलाची आई. तेव्हा तिची तिशीही उलटायची होती. पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’, सलमानची आई. ही एकतीस, तो चोवीस. ‘वास्तव’मध्ये तर संजय दत्त तिच्यापेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी लहान. आणि तरी शेवटी ती त्याच्यावर पिस्तूल रोखते तेव्हा ती आईच वाटते, हे तिचं श्रेय. फिल्मफेअरची नामांकनं चारदा मिळाली, बाहुली एकदाही नाही.

पण आता १९९४ आठवा. आपली सोसायटी दोन वर्षांची. पाणी दिवसातून एकदा, लिफ्ट बंद, केबल सगळ्यांकडे नाही. गच्चीवर अँटेना फिरवायला पोरगा चढायचा आणि खालून आम्ही ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचो. त्या ऑगस्टमध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला. त्यात ती माधुरीची आई, लेकीच्या लग्नात डोळे पुसणारी. आणि त्याच सुमारास दूरदर्शनवर ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झालं. त्यात ती कोकी. कोकिला कुलकर्णी, केशवची बायको, चिंटूची आई. शेजारचा दिलरुबा तिच्यावर लट्टू, आणि केशव त्या दिलरुबाच्या सिनेनटी बायकोवर. म्हणजे बघा, मोठ्या पडद्यावर जी बाई सासूच्या वयाची, तीच बैठकीच्या खोलीत अशी, की शेजाऱ्याने दारात घुटमळावं! आणि हे कमी म्हणून ‘तू तू मैं मैं’मध्ये पुन्हा सासू, सुप्रियाची. सचिनने दिग्दर्शित केलेली ती मालिका. सुप्रिया तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. एकाच काळात एकाच बाईची तीन वयं, आणि तिन्ही खरी वाटत होती.

‘श्रीमान श्रीमती’ आपल्याला एवढं का लागलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. ते समोरासमोरच्या दारांचं नाटक होतं. आपण सगळे चाळीतून नाहीतर गावाकडून आलेलो. बंद दाराच्या फ्लॅटमध्ये राहायची सवय नव्हती. शेजाऱ्याकडे साखर मागायला जावं की नाही, हाही प्रश्न होता. जतीन कनकिया, राकेश बेदी, अर्चना पूरणसिंग या तिघांनी धमाल करायची, तोंडं वाकडी करायची, ओरडायचं. आणि कोकीने? तिला आपण विनोदी मालिकेत आहोत हेच जणू माहीत नाही, असा चेहरा. दिलरुबा काहीतरी गोड बोलणार आणि ती सरळ चहाचं विचारणार. हशा त्या चहाला यायचा. विनोदी नट हसवायला धावतो. ही जागेवर उभी राहायची आणि हशा तिच्याकडे चालत यायचा. हे फार अवघड आहे हो. आम्ही एकांकिकांत प्रयत्न करून पाहिलाय. अर्धा क्षण जास्त थांबलात तर प्रेक्षकाला वाटतं, वाक्य विसरली.

देवकी नेमकी उलटी. तिथे ती भांडणार, तणतणणार. पण बघा, त्या भांडणात तिने सासूला कधी दुष्ट केलं नाही. हरली की तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. आमच्या घरी मी आणि माझ्या सासूबाई ती मालिका एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून बघायचो. दोघीही हसायचो, पण एकाच वाक्याला कधीच नाही.

आता रागाचं. १९९६ च्या गणपतीत आपल्या सोसायटीने नाटक बसवलं. मला वाटलं, मला बोलावतील. बोलावलं. भूमिका आईची. मुलगा झाला होता तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. मी अडतीस वर्षांची. म्हटलं, नायिकेचं काम? तर उत्तर आलं, “वहिनी, तुम्हाला आई शोभते.” मी बँकेच्या क्लोजिंगचं निमित्त सांगून नाही म्हटलं. सप्टेंबरची सहामाही खरीच होती म्हणा, पण कारण ते नव्हतं. त्यानंतर मी रंगमंचावर गेले नाही. एकवीस वर्षं झाली.

तेव्हा वाटलं होतं, मी मान राखला. मेमध्ये त्या बातम्या बघताना पहिल्यांदा मनात आलं, तिलाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. शोभते. तेही मी नाकारलं तेव्हापेक्षा आठ वर्षं लहान असताना. तिने काम घेतलं, आणि बाजूला कोकी करून दाखवली. मी ते काम नाकारलं आणि मग दुसरं काहीच केलं नाही. चूक त्यांची होती, हे मी अजूनही म्हणते. पण एकवीस वर्षं मात्र माझीच गेली.

तिचं उतारवयातलं काम मला फारसं बघवलं नाही, खरं सांगते. मालिकांमधल्या त्या भरजरी साड्या आणि तीनदा वळणारा कॅमेरा. पण कधीतरी मध्येच एखादी नजर यायची, कोरी, सरळ, आणि मी ह्यांना म्हणायचे, “बघा, कोकी आली.”

रौप्यमहोत्सवाच्या गणपतीसाठी यंदा पुन्हा नाटक आहे. विनोदी. त्यात सत्तरीच्या सासूबाईंचं काम आहे, आणि समितीतली तरुण मंडळी ते मला विचारायला तीन दिवस घाबरत होती, असं कळलं. शेवटी मीच जिना उतरून त्यांच्याकडे गेले. माझं वय एकोणसाठ. अकरा वर्षं वाढवायला केसांना पावडर लावू म्हणाले. मी म्हटलं, पावडर नको, पण सासूबाईंची पहिली एंट्री आहे तिथे मला कुणी हातवारे शिकवू नका. मी नुसती उभी राहणार आहे.

तालीम रोज रात्री साडेनऊला गच्चीवर. पाऊस असला तर बी-विंगच्या पार्किंगमध्ये. तेवढ्या वेळापुरत्या गाड्या बाहेर काढाव्यात, ही विनंती.