स्वागताध्यक्षांचे भाषण



 मज्जापेशींच्या ऱ्हासातून उद्भवणाऱ्या व्याधींवरील औषधसंशोधनाची परिषद महानगर सोडून पेण-रोहे परिसरातील जोहे या गणेशमूर्तींच्या कारखान्यांच्या गावी का भरवावी, असे कोणी विचारील, तर त्याने आमच्या कारागिराच्या हाताकडे पाहावे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला कंपवाताने गाठले, म्हणजे मांडीवर विसावलेला तो हात थरथरू लागतो. कुंचला धरताच कंप पुष्कळदा ओसरतोही, परंतु रेषा आखूड उतरते, काम मंदावते, आणि घरचे लोक वयोमान म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात.

मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्याने ही अवस्था येते. ती उणीव भरून काढणाऱ्या ज्या लेव्होडोपाने १९६० नंतरच्या दशकात जखडलेले रुग्ण पुन्हा चालते केले, ते द्रव्य आपल्या रानातील खाजकुइलीच्या, म्हणजे आयुर्वेदातील कपिकच्छूच्या, बियांत असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. या वनस्पतीची आधुनिक पद्धतीने परीक्षा घेऊन मुंबईच्या डॉ. रमा वैद्य, डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, ही मला आपल्या मुलखाची मोठी कमाई वाटते. पुढे १९९५ साली ६० रुग्णांवरील १२ आठवड्यांच्या चाचणीचा वृत्तान्त आला. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत बियांच्या ३० ग्रॅम चूर्णाचा गुण लेव्होडोपाच्या नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर दिसला.

तथापि ही संख्या अल्प आहे, आणि लेव्होडोपा गोळीतून मिळो वा बीजातून, पेशींचा क्षय थांबविल्याचे त्याने अद्याप सिद्ध केलेले नाही. सबब माझ्या गावकऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, बांधावरच्या शेंगा आणून घरी बिया कुटू नयेत. बियांतील द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि चालू गोळ्यांत त्याची भर पडल्यास वांती, भ्रम व अनावर हालचाली ओढवतात.

आणि संशोधकहो, आपणांस विनंती ही की, पुढील चाचण्यांची तजवीज करताना आमचे कारागीर व शेतकरी त्यांत दाखल करून घ्यावेत, आणि निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, त्यांना मराठीतून कळवावेत.