मागच्या कोपऱ्याची वाट

बॅडमिंटनच्या खेळात पराभवाची सुरुवात पुष्कळदा मागच्या कोपऱ्यात होते, आणि दोष हाताला दिला जात असला तरी अपराध पायांचा असतो. प्रतिस्पर्ध्याने फूल डोक्यावरून उंच मागे धाडले, की नवशिका खेळाडू जाळ्याकडे छाती ठेवून उलट्या पावलांनी मागे धावू लागतो. फूल त्याच्या मस्तकामागे उतरते, तोल टाचांवर जातो, पाठ वाकते आणि दुबळा फटका कोर्टाच्या मध्यावरच पडतो. समोरचा खेळाडू मग त्याचा यथास्थित समाचार घेतो.

वस्तुतः हे अंतर फार नाही. जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंत कोर्टाची लांबी अवघी २२ फूट. मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला तीन-चार पावलांत ही रेषा गाठता येते. शिवाय १६ पिसांचे हे हलके फूल उंच गेल्यावर आपला वेग लवकर गमावते व अखेरीस जवळजवळ सरळ खाली येते. वेळ मिळतो, तो फुलाच्या मागे जाऊन उभे राहण्यात खर्च व्हावा, एवढेच.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. प्रतिस्पर्धी फटका मारीत असताना त्याने जागीच एक लहानशी उडी घेऊन चवड्यांवर उतरावे. त्यामुळे गुडघे सैल राहतात व शरीर कोणत्याही दिशेस सुटण्यास सिद्ध होते. फूल मागे येते असे दिसताच उजवा पाय मागे टाकून कंबर व खांदे वळवावेत. आता डावा खांदा जाळ्याकडे असेल. मग डावा पाय उजव्याजवळ आणावा व उजवा पुन्हा मागे सरकवावा. शेवटच्या उजव्या पावलावर भार घेऊन वर उसळावे, फूल डोक्याच्या किंचित पुढे गाठावे आणि हवेतच पायांची अदलाबदल करून डावा पाय मागे व उजवा पुढे असे उतरावे. डावा पाय मागे जाणारा वेग थोपवितो. उजवा त्याच क्षणी मध्याकडे निघतो. परतीचा आरंभ असा फटक्यातच झालेला असतो.

डावा कोपरा अधिक कठीण. तेथेही पाय वेळेवर वळले, तर शरीर डावीकडे झुकवून डोक्यावरूनच फटका मारता येतो. उशीर झाल्यास मात्र डाव्या पायावर वळून, जाळ्याकडे पाठ करून, उजवे पाऊल कोपऱ्यात टाकावे व बॅकहँडचा आश्रय घ्यावा.

१९८० साली ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रकाश पदुकोण यांनी इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग यांना १५-३, १५-१० असे हरविले. किंग यांची ख्याती उसळून मारलेल्या स्मॅशबद्दल होती. पदुकोण यांनी बळाला बळाने उत्तर दिले नाही. उंच टोलवलेले फूल आणि जाळ्यालगत अलगद टाकलेले फूल यांच्यामध्ये त्यांनी किंग यांना खेळविले. प्रतिस्पर्ध्याचे पाय हेच पदुकोण यांचे लक्ष्य होते.

सायंकाळी जिमखान्यात हौसेने खेळणाऱ्या प्रौढांना तर ही शिस्त अधिकच आवश्यक. मागे धावता धावता एकाएकी पुढे झेप घेताना टाचेवरची जाड शीर तुटण्याचा अपघात चाळिशीच्या आसपासच्या खेळाडूंना अपरिचित नाही. त्यानंतर खेळ कित्येक महिने बंद पडतो. यास्तव खेळापूर्वी पोटऱ्या सैल कराव्यात आणि रोज दहा मिनिटे, फुलावाचून, केवळ पावलांचा सराव करावा: मध्य, कोपरा, पुन्हा मध्य. रिकाम्या कोर्टावरचा हा सराव पाहणाऱ्याला निरस वाटेल. पण सामन्यात फूल डोक्यावरून जाईल, तेव्हा पायांना वाट विचारावी लागणार नाही.