वास्तुप्रतिकृतींचा लघुउद्योग

(देवास गेट, उज्जैन येथे केलेले भाषण)



देवास गेटला उतरणारे यात्रेकरू महाकालेश्वराचे दर्शन घेतात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी या मंदिराची पुन्हा उभारणी केली. सवाई जयसिंगांनी बांधलेली वेधशाळाही याच नगरीत आहे. अशा वास्तूंच्या प्रतिकृती करणे हा घरी सुरू करता येण्याजोगा उद्योग आहे.

पुठ्ठा, पातळ लाकूड, पोलादी पट्टी, धारदार सुरी व सरस एवढे साहित्य आरंभी पुरते. १ : १०० प्रमाण घेतल्यास एक मीटरची भिंत एक सेंटिमीटरची होते. लांबी घटते, कोन मात्र घटत नाही. वेधशाळेतील सम्राटयंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंशांचा कोन करते. पुण्याच्या शाळेसाठी तेच यंत्र करावयाचे, तर कोन साडेअठरा अंशांचा हवा. अन्यथा छाया चुकीची वेळ दाखवील आणि ती शाळा पुन्हा मागणी नोंदविणार नाही.

मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. तथापि कर्जापूर्वी एक नमुना करावा, तो शिक्षकांना दाखवावा आणि लागलेला खर्च व तास वहीत नोंदवावेत. अचूक माप हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होय.