रात्रीचे पाणी, रात्रीची फाईल

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील शेतकऱ्याला रात्रीचे जागरण नवे नाही. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने मिळत आली. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी घेऊन पिकाला पाणी भरायला निघायचे, वाटेत साप असो वा विंचू. या जागरणावर मोर्चे निघाले, दिवसा विजेची मागणी झाली आणि २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली. दुसऱ्या एका जागरणाची मात्र कोणी दखल घेतली नाही.

दोन हजारच्या दशकात भारत संचार निगमच्या एका ब्रॉडबँड योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे. दिवसा मात्र प्रत्येक मेगाबाईटचा हिशोब. साहजिकच देशभर, तसेच जळगाव-धुळ्यातही, मोठी फाईल उतरवायची ती मध्यरात्रीनंतर.

आता गणित पाहा. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट या किमान वेगाला ब्रॉडबँड म्हटले. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे ७०० मेगाबाईटची, एका सीडीएवढी फाईल पूर्ण उतरायला सहा तासांहून काही मिनिटे अधिक लागणार. सवलत तेवढी सहाच तासांची! तीही वेग अखंड मिळाला तर. आणि ते भारनियमनाचे दिवस होते. पहाटे वीज गेली की रात्र फुकट.

वास्तविक तुटलेली फाईल जिथे थांबली तिथून पुढे घेण्याची तरतूद १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीतच आहे. परंतु ती पाळणे सर्व्हर चालविणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. भुर्दंड कोणी सोसायचा, हे इथेच ठरते.

पुढे व्याख्या सुधारली: २०१३ मध्ये ५१२ किलोबिट, २०२३ मध्ये दोन मेगाबिट. तीच फाईल आता पाऊण तासात उतरेल, असे कागद सांगतो. पण फायलीही फुगल्या. टंकलिखित पानाचे छायाचित्र काढून तेच 'दस्तऐवज' म्हणून चढविण्याची खोड तर निव्वळ आळस आहे. मजकुराच्या कितीतरी पट त्याचे वजन. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हणविल्या गेलेल्या योजनेचे लक्ष्य ग्रामपंचायत हे होते. चोपडा-शिरपूरकडील सातपुड्याचा पाडा त्याच्याही पलीकडे असतो.

निदान सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी व कचेऱ्यांनी दोन गोष्टी सक्तीने कराव्यात: तुटलेली फाईल पुढे घेऊ देणे आणि प्रत्येक जड फाईलसोबत मजकुराची हलकी प्रत ठेवणे. यासाठी एक फूटही नवी केबल पुरावी लागत नाही.