गृहस्थाश्रमातील लोकसंग्रह
(मठाच्या वर्धापनोत्सवानिमित्त बडोदे येथे केलेले भाषण)

 

पाठशाळेतील मुलांना शब्दरूपे शिकविणारा मी एक अल्पवयी शिष्य. अद्याप चाळिशी गाठलेली नाही. आपल्यासमोर सेवाधर्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. परंतु या उत्सवाच्या तयारीसाठी घरोघर हिंडताना एकच उत्तर अनेक मुखांतून ऐकले : “मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये उरकली, नोकरीतून मोकळे झालो, की मठाची सेवा करू.” हे उत्तर खोटे नव्हते, ते मनापासून होते. म्हणूनच ते माझ्या मनात सलत राहिले. संसार संपल्यावरच सेवेला आरंभ व्हावयाचा असेल, तर मग लोकसंग्रह हा शब्द गृहस्थासाठी नाहीच काय?

या प्रश्नाचे उत्तर मला आपल्याच नगरीत जन्मलेल्या एका गृहस्थाच्या चरित्रात सापडले. ते म्हणजे कै. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. त्यांचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. परंतु त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव आपण सर्व जाणता. तथापि मला सांगावयाचे आहे ते त्या उच्चासनापूर्वीचे.

प्राथमिक शिक्षणाचा काही काळ राजापुरास काढून ते १९०२ साली पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस आले. १९१३ मध्ये त्यांनी तेथे वकिलीस प्रारंभ केला. नवा वकील, अशीलांची वाट पाहण्याचे दिवस, पुढे प्रपंचाचा विस्तार. कोणीही म्हणाले असते, की आधी जम बसू द्यावा. परंतु त्याच वर्षी त्यांनी गुजरात एज्युकेशन सोसायटीच्या चिटणीसपदाचा भार उचलला आणि १९१६ मध्ये गुजरात सभेचे चिटणीसपद स्वीकारले. १९१८ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा ही सभा त्या कार्यात होती. १९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. १९२७ साली गुजरातेत महापूर आला, तेव्हाही ते मदतकार्यात उतरले. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा हात होता. मातृभाषा मराठी असलेल्या या पुरुषाने गुजरातेला परका प्रांत मानले नाही. ज्या भूमीचे अन्नपाणी घेतले तिचे ऋण तेथेच फेडावयाचे, हा त्यांचा आचार होता. पिढ्यानुपिढ्या येथे नांदणाऱ्या आपणांस यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी एकंदर सुमारे सहा वर्षे कारावास सोसला. तेथेही त्यांची सेवा थांबली नाही. खून, दरोडे यांसारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांजवळ बसून त्यांनी त्यांची मने उघडली आणि त्यांतून ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले. जेथे जग केवळ पाप पाहते, तेथे त्यांना माणुसकीचा झरा दिसला. मात्र हे सांगताना एक गोष्ट विसरू नये. पुरुष तुरुंगात असताना घराचा भार कोणीतरी वाहतच असते. सेवेचे श्रेय एकाच्या नावे लिहिले जाते. तिचे मोल सारे कुटुंब देते. मावळंकरांच्या पश्चात १९५६ साली त्यांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर अविरोध निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम हे अध्यापक होते, पुढे लोकसभेचे सदस्य झाले आणि आणीबाणीच्या काळात त्यांनी सभागृहात निर्भयपणे विरोधाचा आवाज उठविला. सेवेमुळे संसार विस्कटतोच असे नाही. कधी कधी सेवा हाच मुलांना दिलेला वारसा ठरतो.

१९४६ च्या जानेवारीत ते मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले, ते ६६ विरुद्ध ६३ अशा अवघ्या तीन मतांनी. १५ मे १९५२ रोजी ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहापुढे आला व तो फेटाळला गेला. मोठ्या पदावर बसणाऱ्याची परीक्षा अशी उघड्यावर होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५३ साली, सरकारी आश्वासनांची समिती स्थापन झाली. मंत्र्याने सभागृहात दिलेले वचन टिपून ठेवावयाचे आणि ते पाळले गेले की नाही हे तपासावयाचे, हे तिचे काम. आजही ती समिती कार्य करते. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस दादासाहेबांनी देह ठेवला, तोही अध्यक्षपदावर असतानाच. सवडीचे, निवृत्तीचे दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. त्यांनी सेवा त्या दिवसांवर सोपविली असती, तर ती घडलीच नसती.

सद्भक्तहो, आपल्यापैकी कोणास लोकसभेचे आसन मिळावयाचे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु आठवड्यातील एक सायंकाळ, महिन्यातील एक रविवार, पाठशाळेतील एका मुलाच्या पुस्तकांचा खर्च, एवढे तर संसारात राहूनही देता येते. माझी नम्र विनंती आहे, की आज येथे जो कोणी जे कार्य अंगावर घेईल, ते मठाच्या वहीत लिहून ठेवावे आणि पुढील वर्धापनदिनी ती वही याच सभेत वाचावी. पहिली नोंद माझ्या नावाची असू द्यावी : दर रविवारी सकाळी, परिसरातील कोणत्याही जातीच्या, कोणत्याही भाषेच्या मुलांसाठी संस्कृताचा विनामूल्य वर्ग. ती नोंद पुढील वर्षी वाचली जाईल तेव्हा मला मान खाली घालावी लागू नये, एवढाच आशीर्वाद श्रीगुरूंनी व आपण सर्वांनी द्यावा.