घराची किंमत आणि कराचे बिल
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. करातला तज्ज्ञ नव्हे. पण इथे सेक्टर ४३ मध्ये राहत असलो तरी आपल्यापैकी काहींचं घर मुंबईत आहे. माझंही मुलुंडला आहे. वडील तिथे पेन्शनवर राहतात.

मुंबई महापालिकेत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर मालमत्ता कर लागू झाला. हे मूल्य रेडी रेकनरच्या दरावरून ठरतं. मात्र कायद्याने एक ब्रेक ठेवला: दर पाच वर्षांनी मूल्य सुधारताना कर आधीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही.

हा ब्रेक काढला तर? समजा, बिल १०,००० रुपये आहे आणि मूल्य दुप्पट झालं. ब्रेक असेल तर बिल १४,०००. नसेल आणि कराचा दर तोच राहिला, तर २०,०००!

२०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी आहे. आमचं घर ५४० फुटांचं. चाळीस फुटांनी गाडी चुकली!

रस्त्यांना, दवाखान्यांना पैसा लागतो, हे मान्य. पण वाढलेली किंमत घर विकल्यावरच हातात येते. वडिलांना घर विकायचं नाही, त्यात राहायचं आहे. बिल भरायचं ते पेन्शनमधूनच. म्हणून ब्रेक काढायचाच असेल, तर आधी कराचा दर खाली आणावा.

तोवर बिल आलं की रक्कम पाहून थांबू नका. क्षेत्रफळ, मूल्य आणि दरही तपासा.

गणपती बाप्पा मोरया!